आडवाटेच्या डिस्क गोल्फ कोर्सला किती स्टार द्यायचे?

(हा पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना पडलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. मागे ट्रेलरचे हॉर्न ऐकू आले असतील त्यांनी समजून घ्या, मी रोडपालीत राहतो आणि कळंबोलीचं स्टील मार्केट जवळच आहे.)

मागच्या भागात मी जाता जाता म्हणालो होतो, की ओहायोला ऑनसाइट होतो तेव्हा शनिवार-रविवार डिस्क गोल्फ खेळायचो आणि कोर्सचे रिव्ह्यू लिहायचो. त्यावर तुमचे मेसेज आले. निम्म्यांनी विचारलं, डिस्क गोल्फ म्हणजे काय? उरलेल्यांचं म्हणणं, मैदानाचा कसला रिव्ह्यू, मैदान ते मैदान! आज दोन्हींवर बोलू. मध्ये माझी एक चूक आहे, तीही सांगतो. खरं तर तिच्यामुळेच हा भाग करावासा वाटला.

आधी खेळ. गोल्फ डोळ्यांसमोर आणा, खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचा आहे ना, तसा. आता त्यातून काठी, चेंडू आणि फी काढून टाका. हातात एक प्लास्टिकची चकती. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी लोखंडी खांबाला लटकवलेल्या साखळ्यांवर मारून खालच्या टोपलीत पाडायची. कमीत कमी फेकींमध्ये ज्याच्या सगळ्या टोपल्या झाल्या तो जिंकला. फेकायच्या जागेला टी म्हणतात, टोपलीला बास्केट. टी ते बास्केट या एका टप्प्याला गोल्फसारखंच होल म्हणतात, जमिनीत भोक कुठेही नसलं तरी. एका कोर्सवर बहुतेक वेळा ९ नाहीतर १८ होल असतात.

ही चकती म्हणजे बीचवरची फ्रिसबी नव्हे. मुंबई-पुण्यात अल्टिमेट खेळणारी मंडळी वापरतात ती डिस्क १७५ ग्रॅमची आणि साधारण २७ सेंटीमीटर रुंद. गोल्फची डिस्क वजनाला जवळपास तेवढीच, पण २१ सेंटीमीटरच्या आसपास, आणि लांब जाणाऱ्या डिस्कची कड चांगलीच धारदार. लांब पल्ल्याची ती ड्रायव्हर, मधल्याची मिडरेंज, जवळून टोपलीत टाकायची ती पटर. पटरची कड बोथट असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता थोडा इतिहास. लोक आधी हा खेळ कुठेही खेळायचे. झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, समोर दिसेल ते टार्गेट. पहिला कायमस्वरूपी कोर्स झाला १९७५ साली, लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये. तो आखला एड हेड्रिक यांनी. हे फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. सुरुवातीला तिथे टोपल्या नव्हत्याच, नुसते खांब होते. मग व्हायचं ते झालं. लागली की नाही लागली? आपल्याकडे गल्लीत 'कट लागली, कट लागली' करत अर्धा तास जातो ना, अगदी तसंच. म्हणून हेड्रिकनी साखळ्यांची टोपली तयार केली, तिचं पेटंट १९७७ चं. साखळी खणखणली, डिस्क आत बसली, वाद मिटला. खेळाची संघटना, प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, तीही त्यांनीच १९७६ मध्ये सुरू केली. २००२ मध्ये ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "अरे, गंगेत सोडायचं सोडून हे काय भलतंच!"

तर मुद्दा असा, की हा कोर्स उभा करायला फार काही लागत नाही. कापलेली हिरवळ नको, क्लबहाउस नको. नऊ टोपल्या, थोडी झाडं आणि अधूनमधून गवत कापणारा एक माणूस. म्हणून अमेरिकेत शाळेच्या मागे, चर्चच्या आवारात, गावाच्या टोकाला असलेल्या बागेत असे छोटे कोर्स सापडतात. फिनलंडमध्ये ५५ लाख लोकांमागे शेकडो आहेत. बहुतेक ठिकाणी खेळणं फुकट. पण फुकट म्हणजे काउंटर नाही, वॉचमन नाही, विचारायला कोणी नाही. फोनवरचे रिव्ह्यू हीच तिथली चौकशीची खिडकी. मोठ्या कोर्सचं तसं नसतं. तिथे नकाशे असतात, यूट्यूबवर एकेका होलचे व्हिडिओ असतात, रिव्ह्यू नसला तरी कोणाचं अडत नाही.

आता माझी चूक. सप्टेंबरमधला रविवार होता. कोलंबसपासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमधलं एक खेडं. चर्चच्या मागे नऊ होल. मी महिनाभर आधीच मॅसॅच्युसेट्सला जाऊन मेपल हिल खेळून आलो होतो. मेपल हिल म्हणजे डिस्क गोल्फवाल्यांची पंढरी. ख्रिसमस ट्रीची शेती आहे, तिच्यामधून कोर्स फिरतो, तळी आहेत, झाडांच्या भिंती आहेत. जगातल्या उत्तम कोर्सच्या याद्या निघतात त्यात हा कायम वरच्या जागांवर. तिथून आलेल्या माणसाला चर्चमागचं गवत काय आवडणार! सगळे होल साठ मीटरच्या आत. चौथ्यानंतर पाचव्याची टी सापडेना, दहा मिनिटं मक्याच्या कडेकडेने फिरलो. एका टोपलीच्या साखळ्या गंजलेल्या. पस्तीस मिनिटांत सगळं संपलं, आणि जायला-यायला पेट्रोल जाळून दोन तास. गाडीत बसल्या बसल्या यूडिस्क या ॲपवर लिहिलं: छोटा आणि कंटाळवाणा, चौथ्यानंतर पाचवा होल सापडत नाही, एवढ्या लांब येण्यात अर्थ नाही. दोन स्टार. आणि विसरून गेलो.

इथे जरा गणित करू, घाबरू नका, बेरीज-भागाकारच आहे. माझ्याआधी त्या कोर्सला तीनच रिव्ह्यू होते: ४, ४ आणि ५. सरासरी ४.३३. माझे दोन स्टार पडल्यावर ती झाली ३.७५. आता समजा एखाद्या मोठ्या कोर्सला ४०० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी तीच ४.३३ आहे. तिथे मी चिडून दोन स्टार टाकले, तर सरासरी होते ४.३२. म्हणजे तिथे माझं मत कोणाच्या गावीही नाही, आणि खेड्यातल्या कोर्सवर मी एकटा अर्ध्या स्टारहून जास्त खाऊन गेलो. आम्ही मित्र कोर्स निवडताना चारच्या खालचं उघडूनही बघायचो नाही. म्हणजे आमच्यासारख्यांपुरता तो कोर्स मी त्या दिवशी यादीतून काढूनच टाकला.

यावर प्रोग्रामर लोकांकडे एक जुना उपाय आहे, बेझियन सरासरी. नाव जड आहे, आत काही नाही. प्रत्येक नव्या ठिकाणाला सुरुवातीला काही काल्पनिक रिव्ह्यू देऊन टाकायचे, समजा १०, आणि ते त्या भागातल्या सर्वसाधारण सरासरीचे, समजा ३.८. मग खरे रिव्ह्यू येतील तसे त्यात मिसळायचे. आपल्या कोर्सचे तीन रिव्ह्यू मिळून बेरीज १३. त्यात काल्पनिक ३८ मिळवा, ५१. भागिले १३, उत्तर ३.९२. माझे दोन स्टार आल्यावर ५३ भागिले १४, म्हणजे ३.७९. बघा, आधी ४.३३ वरून थेट ३.७५ ला आपटलेला आकडा आता जेमतेम हलला. आणि उलट बाजूने, एकच रिव्ह्यू आणि तोही पाच स्टारचा, अशी जागा '५.०' म्हणून मिरवत नाही, ती ३.९१ वर बसते. तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल तर हे टाकाच, चार ओळींचा कोड आहे. नुसते वाचणारे असाल तर स्टारच्या आधी किती जणांनी दिलेत तो आकडा बघायची सवय लावा.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसातला साताऱ्याचा मित्र मागे लागला, "भावा, मलाही शिकव की ते." त्याला मोठ्या कोर्सवर नेलं असतं तर दुसऱ्याच होलला डिस्क जंगलात घालवून बसला असता. विचार केला, सोपं, मोकळं, गर्दी नसलेलं कुठे आहे? आठवला तोच कोर्स. दोन स्टारवाला.

गेलो. चौथ्या टोपलीच्या खांबाला एक नवी लाकडी पट्टी ठोकलेली, तिच्यावर रंगाने काढलेला बाण आणि ५ चा आकडा. बाजूला एक आजोबा गवत कापायच्या मशीनवर बसलेले. मशीन बंद करून त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच आलात का? मी म्हटलं, नाही, एकदा येऊन गेलोय. मग तेच सांगायला लागले, की कोणीतरी फोनवर लिहिलं पाचवा होल सापडत नाही, म्हणून जुन्या फळीचा बाण केला. इतकी वर्षं आम्हाला रस्ता पाठ, त्यामुळे लक्षातच आलं नाही म्हणे.

मित्र माझ्याकडे बघतोय. मी सांगून टाकलं, तो लिहिणारा मीच.

ते हसले. बाकीचंही वाचलं होतं त्यांनी. रागावले नाहीत, पण एवढं म्हणाले, की कोर्स दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी आखलाय, आणि ज्यांचे खांदे गेलेत अशा त्यांच्या वयाच्या चार-पाच जणांसाठी. त्यांना साठ मीटर पुष्कळ होतात. आणि निघताना आपणहून सांगितलं, आधीच्या तीन रिव्ह्यूंपैकी दोन त्यांच्या नातवंडांचे!

म्हणजे बघा, ४.३३ सुद्धा खरं नव्हतं आणि माझं दोनही नाही. चारही रिव्ह्यूंमध्ये मिळून कोणाच्या उपयोगी पडलेलं वाक्य एकच, 'चौथ्यानंतर पाचवा सापडत नाही'. ते मी रागात लिहिलं होतं, पण त्यात जागा होती, होलचा नंबर होता. 'कंटाळवाणा' वाचून आजोबा काय दुरुस्त करणार होते?

त्यानंतर माझी लिहायची पद्धत बदलली. छोट्या कोर्सवर गेलो की पहिल्यांदा शोधतो, हा कोणासाठी बनवलाय. होल पन्नास-साठ मीटरचे असतील तर ड्रायव्हर गाडीतच ठेवायचा, एक पटर आणि एक मिडरेंज घेऊन निघायचं. साठ मीटरच्या होलवर ड्रायव्हर मारून 'छोटा आहे' म्हणणं म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये लेदर बॉल आणून बाउंड्री जवळ आहे म्हणून तक्रार करणं. पटरने खेळलो तर तोच कोर्स एकदम जिवंत होतो, कारण मग वारा, उतार, वाटेतलं एखादं झाड, सगळं मध्ये येतं.

दुसरं, वळण. हे जरा समजून घ्या, फार लोक बघत नाहीत. उजव्या हाताने नेहमीच्या बॅकहँड पद्धतीने फेकली तर डिस्क वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, आणि वेग कमी झाला की डावीकडे झुकत उतरते. डावखुऱ्याची बरोबर उलटी. त्यामुळे नऊच्या नऊ होल डावीकडे वळणारे असतील, तर उजव्या हातवाल्याला एकच फेक नऊ वेळा करायची, आणि डावखुरा बिचारा प्रत्येक ठिकाणी झगडतो. छोट्या कोर्सवर हा दोष फार असतो, कारण आखणारा एकच माणूस असतो आणि तो आपल्या हाताप्रमाणे आखतो. चर्चवाल्या कोर्सवर नऊपैकी सात होल डावीकडे होते. हे मी पहिल्या वेळी पाहिलंही नव्हतं. मित्र डावखुरा निघाला तेव्हा कळलं.

मग सामान. साखळ्या किती आणि कशा आहेत? जुन्या, विरळ साखळ्यांमधून चांगली फेकलेली डिस्क आरपार निघून जाते, तेव्हा 'तिसऱ्या टोपलीवर जोरात मारू नका' एवढं लिहिलं तरी पुढच्याचा एक स्ट्रोक वाचतो. टी सिमेंटची आहे की नुसती माती, कारण पावसानंतर मातीवर पाय घसरतो. एका टोपलीवरून दुसऱ्या टीकडे जायची वाट कळते का. एखादा होल पायवाटेवरून किंवा रस्त्यावरून जातो का. हे शेवटचं मी आता सगळ्यात आधी लिहितो. आणि तारीख, हवा. जुलैत मका माणसापेक्षा उंच असतो आणि त्यात गेलेली डिस्क विसरायची. नोव्हेंबरात तीच जागा उघडी. तारीख नसलेला रिव्ह्यू अर्धाच.

त्या रात्री जुना रिव्ह्यू पुसून नवा लिहिला. मराठीत सांगायचं तर साधारण असा: 'नऊ होल, सगळे साठ मीटरच्या आत, मोकळं गवत. लहान मुलं, नवशिके आणि फक्त पटर घेऊन खेळणाऱ्यांसाठी चांगला. लांब फेकणाऱ्यांनी मुद्दाम यायची गरज नाही, याच बाजूने जात असाल तर थांबा. पाचव्याकडे जायला आता बाण आहे. सात होल डावीकडे वळतात, डावखुऱ्यांना जड जाईल. एका टोपलीच्या साखळ्या गंजल्यात. मक्याच्या बाजूला जपून. पार्किंग चर्चसमोर, रविवारी सकाळी मिळत नाही. ऑक्टोबर अखेर, कोरडी हवा, दोघांना पन्नास मिनिटं लागली.' आणि स्टार तीन. चार नाही दिले. आजोबा आवडले म्हणून साखळ्यांचा गंज जात नाही. तरी सरासरी बरोबर चार झाली, नातवंडांची कृपा.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आमच्याकडे कुठे आहेत टोपल्या? बरोबर आहे. पण इथल्या टर्फचे रिव्ह्यू उघडून बघा. कामोठे, कळंबोली, कुठलंही. 'बेस्ट टर्फ', 'मस्त', 'वर्स्ट एक्स्पीरियन्स'. मला हवं असतं ते कुठेच नाही: नेट किती उंच आहे, बॉल बाहेर गेला तर नाल्यात जातो का, रात्री नऊनंतर सगळे लाइट चालू ठेवतात का, पावसात पाणी साठतं का.

आणि टोपल्यांचं म्हणाल तर हेड्रिकच्या आधीचा प्रकार आपल्याला कोणी अडवलाय? परत आल्यावर गेल्या हिवाळ्यात मी घराजवळच्या एका रिकाम्या प्लॉटवर सहा टार्गेट ठरवली. पडक्या कुंपणापासून दिव्याचा खांब, तिथून डांबराचं रिकामं पिंप, मग गुलमोहर, मग बाभूळ, मग एक मैलाच्या दगडासारखा दिसणारा सिमेंटचा ठोकळा, आणि परत कुंपणाच्या कोपऱ्यातला खांब. अंतरं पावलांनी मोजली, पस्तीस ते पंचावन्न मीटर. खर्च शून्य. धारदार कडेच्या डिस्क मी तिथे काढत नाही. पोरं मध्येच पळत येतात, म्हणून फक्त पटर आणि एक अल्टिमेटची जुनी डिस्क.

प्लॉट अर्थात क्रिकेटवाल्या पोरांचा. पहिल्या दिवशी ती बराच वेळ बघत राहिली, मग एक जण म्हणाला, "दादा, ही ताटली खांबाला मारून काय मिळतं?" त्याच्या हातात दिली. तिसऱ्या फेकीत पिंपाला लागली, आवाज झाला, आणि झालं, सगळ्यांना हवी. पंधरा मिनिटांत पहिलं भांडण गुलमोहरावर: फांदीला लागली तर धरायची का? लोखंडाचा आणि पिंपाचा आवाज येतो, झाडाचा येत नाही. ओक ग्रोव्हच्या खांबांवरचा वाद पन्नास वर्षांनी रोडपालीत. आम्ही चुन्याने खोडावर छातीच्या उंचीला पट्टा काढला, पट्ट्याच्या खाली लागली तरच धरायची. अजून तरी चाललंय.

मग मी त्यांना म्हटलं, आता याचा रिव्ह्यू द्या. खरा द्या, मी रागावणार नाही. त्यांनी दिला. दुसरा होल भारी, कारण आवाज येतो. बाभळीखाली काटे आहेत, चपलेतून घुसतात, तिथे डिस्क आणायला कोणी जात नाही. चौथा आणि पाचवा सारखेच आहेत, एक काढा. पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी असतं, तेव्हा काय करणार? आणि सगळ्यात छोट्याने सांगितलं, "दादा, शेवटच्याला काकू लोकांना लागेल."

हे मी, एवढे रिव्ह्यू लिहिलेला माणूस, पाहिलंच नव्हतं. कुंपणाच्या कडेने सकाळी चालायला येणाऱ्यांची पायवाट आहे, आणि माझा सहावा होल तिच्यावरून जात होता. ओहायोत दुसऱ्यांच्या कोर्सवर जे सगळ्यात आधी लिहायचो, तेच. माझ्याच निकषांनी माझ्या कोर्सला दोनपेक्षा जास्त देता आले नसते. सहावा त्याच दिवशी बंद केला.

पोरांचं म्हणणं, नवा सहावा होल त्यांच्या पिचच्या पलीकडच्या चिंचेवर ठेवा, पण त्यांची मॅच नसताना. म्हणजे सकाळी सातच्या आत, कारण सातला स्टंप लागतात आणि मग प्लॉटवर बाकी कोणाचं चालत नाही. चिंचेच्या बाजूला पायवाट नाही हे मी दोनदा बघून आलोय. या रविवारी साडेसहाला जाऊन अंतर मोजणार आहे, आणि छोट्याला बरोबर नेणार आहे.